धुराची दवंडी

आमच्या गावात धुराची दवंडी सुरू झाली ती मुन्सफसाहेबांच्या मातोश्रींना खोकला झाला म्हणून. त्याआधी गावाला खोकला नव्हता असं नाही. दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटायची आणि पार शिमग्यापर्यंत खालची आळी खोकत असायची. पण तो सगळा बिनहुद्द्याचा खोकला. मातोश्री खोकल्या आणि आठवड्याच्या आत नगरपालिकेला शोध लागला की गावात धूर आहे.

लढाईची वर्षं होती. गुळाला मागणी होती, त्यामुळं ज्याच्या त्याच्या रानात चुलवाण. कृष्णाकाठचं आमचं गाव बशीसारखं. कडेला उंचावर उसाची रानं, मधल्या खोलगटात वस्ती, पायाशी नदी. दिवसा धूर शहाण्यासारखा वर जायचा. संध्याकाळी गारठा पडला की त्याला वर जायचा कंटाळा यायचा. मग तो उताराला लागायचा, गल्लीबोळांतून खाली उतरायचा, नदीवरच्या धुक्यात मिसळायचा आणि सकाळपर्यंत असा घट्ट व्हायचा की पाण्याला निघालेल्या बायका एकमेकींना हाका मारत चालायच्या. चुलवाणात जाळायचं चिपाड ओलं असलं तर विचारूच नका. गुऱ्हाळं बंद ठेवा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच. त्यातलं एक गुऱ्हाळ आमच्या भावकीचं होतं, आणि आमच्या उसाचा रसही त्याच काहिलीत कढत होता.

मी तेव्हा नगरपालिकेत आरोग्य खात्याचा कारकून होतो. आरोग्य खातं म्हणजे मी, एक टेबल आणि फिनेलचा पिंप. आमचे चीफ ऑफिसर नवे होते. सगळं गाव त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचं. त्यांनी इंग्रजी पेपरात कुठंतरी वाचलं होतं की विलायतेत दाट धुकं पडायचं असलं की लोकांना आधी खबर देतात.

“आपणही देऊ,” साहेब म्हणाले. “धूर जास्त असेल त्या दिवशी दवंडी. म्हाताऱ्या माणसांनी, दमेकऱ्यांनी, लेकुरवाळ्यांनी घरात थांबावं, दारं-खिडक्या लावून घ्याव्यात.”

“पण जास्त आहे हे ठरवायचं कुणी?” मी विचारलं.

हा प्रश्न विचारायला नको होता. सरकारी कचेरीत प्रश्न ज्याच्या तोंडून निघतो त्याच्याच गळ्यात पडतो. त्या दिवसापासून धूर जास्त की कमी हे ठरवणारा गावातला एकमेव अधिकारी मी झालो. साधन म्हणून मला नदीपलीकडच्या देवळाची दीपमाळ नेमून देण्यात आली. सकाळी कचेरीच्या पायरीवर उभं राहायचं. दीपमाळ दिसली तर हवा बरी. नाही दिसली तर दवंडी.

आता मला या कामाचा उत्साह का वाटला ते सांगतो. घरात वहिनींना दमा होता. दादा, माझा थोरला भाऊ, पलटणीत. कुठल्याशा आघाडीवर होता, कुठल्या ते आम्हाला कळू देत नसत. घरात आई, मी आणि वहिनी. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “एक तर धुराच्या दिवशी यांना आधी कळलं पाहिजे, म्हणजे माडीवर दार लावून बसतील. ते जमत नसेल तर गुऱ्हाळं विझेपर्यंत डोंगरात नेऊन ठेवा. यंदा आणखी एक मोठा झटका यांना झेपणार नाही.”

डोंगरात म्हणजे मेढ्याला, वहिनींच्या माहेरी. पण वहिनींचं म्हणणं वेगळं.

“आवं भावजी, ह्यांची रजा मंजूर व्हायची हाय. आज येत्याल का उद्या येत्याल, कुणाला ठावं. चार दिसांसाटनं मानूस येनार, आन दारात कोन? तुमी? तुमचं थोबाड बघायला ते दर्या वलांडून येत्यात व्हय?”

माझं थोबाड मी रोज आरशात बघत होतो. मी छाती पुढं काढून म्हणालो, “वहिनी, तुम्ही कुठं जाऊ नका. गावाला धुराची खबर देणारा तुमच्या घरात बसलाय.”

असल्या वाक्यांनी माझं आयुष्यभर नुकसान केलं आहे.

पहिल्याच आठवड्यात कळलं की धूर आणि दवंडी यांच्या मधे नगरपालिका आहे. पहाटे मी पायरीवर उभा राहून न दिसणारी दीपमाळ बघायचो. मग मसुदा लिहायचो. मसुद्यावर सॅनिटरी इन्स्पेक्टरची सही लागायची, आणि ते सकाळी मटण मार्केट तपासायला गेलेले असायचे. ते आले की कागद साहेबांकडं. साहेबांची पूजा चाललेली. पूजा आटोपून सही झाली की जावक नंबर, आणि मग दवंडीवाल्याचा शोध. तो सापडायचा तोवर ऊन चांगलं वर आलेलं असायचं, धूर विरलेला असायचा आणि दीपमाळ नदीपलीकडं अशी पांढरीशुभ्र चमकत असायची की तिच्यावरची कबुतरं मोजावीत.

माझा मसुदाही बघण्यासारखा होता. ‘तमाम रहिवाशांस इशारा देण्यात येतो की, शहराच्या वातावरणात धूम्राचे आधिक्य झाले असून श्वसनविकारग्रस्तांनी बहिर्गमन टाळावे.’ हे वाक्य जुळवायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती. दवंडीवाला ते ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि चौकात जाऊन हलगीवर टिपरू मारून ओरडायचा, “ऐका होऽ! धूर लय हाय! म्हातारी-कोतारी घरात ठिवा! आन तांबड्या रंगाची, एका शिंगाची म्हस चुकलीया, घावंल त्यानं चावडीवर कळवा होऽ!”

म्हैस त्याचा खासगी धंदा. एका फेरीत दोन कामं व्हायची म्हणून मी काही बोलत नसे. लोक मात्र म्हशीचीच चौकशी करायचे.

“आन धूर कुटाय रं?” कुणीतरी लख्ख उन्हात विचारायचा.

“सकाळी व्हता,” दवंडीवाला शांतपणानं सांगायचा.

“मग आता सांगतुयास?”

“सायबांची सई आत्ता झाली, गड्या. धुराला थांब म्हनालो व्हतो, थांबला न्हाई.”

खालच्या आळीत मला बघून पोरीबाळी पदराआड हसायला लागल्या. घरी परिस्थिती त्याहून वाईट. धुराच्या सकाळी मी कचेरीच्या पायरीवर, आणि वहिनी घरात चुलीपुढं. मी कर्तव्य बजावून परत यायचो तोवर त्या भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत बसलेल्या असायच्या. आई पाठ चोळत असायची. माझ्याकडं बघून म्हणायची, “आला दवंडी पिटून. आरं, आदी घरात पीट की!”

हे तिचं बरोबर होतं. गावाला सांगायच्या गडबडीत घरात सांगायचं राहायचं. तरी नुसत्या सांगण्यानं तरी काय होणार होतं? धूर एकदा छातीत गेला की माडीवर चढायचं बळही त्यांच्यात उरत नसे. खबर आदल्या संध्याकाळीच मिळायला हवी होती.

मग मी साहेबांना एक युक्ती सांगितली. सहीची वाट न बघता कचेरीवर निशाण लावायचं. लांबून दिसेल. साहेबांना कल्पना विलायती वाटली, म्हणून पसंत पडली. रंग कोणता हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्रश्न विचारण्याची मला तोवर धास्ती बसली होती. धुराचा रंग काळा, असा सरळ विचार करून मी छत्रीचं जुनं कापड काठीला बांधलं आणि पहाटे नगरपालिकेच्या इमारतीवर फडकवलं.

त्या दिवसांत सरकारी इमारतीवर काळं निशाण फडकवणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत सातारा जिल्ह्यात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मलाही नको होतं. पण पहाटेच्या थंडीत माझं डोकं फक्त धुराचा विचार करत होतं. काळं निशाण म्हणजे सरकारचा निषेध, हे आठवलं ते हवालदार दोन शिपायांसह जिना चढून वर आला तेव्हा.

“कुनाचं निशान?” त्यानं दरडावून विचारलं.

“धुराचं,” मी म्हणालो.

“कुठला पक्ष म्हनायचा ह्यो?”

मी त्याला दीपमाळ, मातोश्री, विलायत, सगळं सांगितलं. त्याला एवढंच कळलं की छत्रीचं कापड माझं आहे. दुपारपर्यंत मी चावडीच्या बाकावर. साहेबांनी येऊन सोडवलं, पण निशाणाची कल्पना कुणाची होती हे हवालदारानं विचारलं तेव्हा ते चष्मा पुसायला लागले. बाहेर गर्दी जमली होती, आणि खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मी सत्याग्रही नाही हे त्याला पटवून द्यायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. माळ घालूनच घरी गेलो. वहिनी हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि तो खोकला दिवेलागणीपर्यंत थांबला नाही.

त्याच संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. आकाश स्वच्छ होतं. धुराचा वास नव्हता. पण वहिनींच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती, लांबच्या रानात कुणी पोरगं पिपाणी वाजवतंय अशी. दुसऱ्या दिवशी पहाटे दीपमाळ काय, कचेरीसमोरचा पिंपळसुद्धा दिसला नाही. पुढं दोन-तीनदा हेच झालं. शिट्टी वाजली की सकाळी धूर. शिट्टी नाही तर सकाळ निर्मळ. गारठा कसा पडणार, वारं कसं पडणार, जे कुणाला कळत नव्हतं ते त्यांच्या छातीला दिवस मावळतानाच कळायचं.

मग काय, मी दीपमाळीकडं बघणं सोडलं. दिवेलागणीला घरी यायचं, वहिनींजवळ पाटावर बसायचं, कान द्यायचा, आणि शिट्टी असली तर धावत जाऊन साहेबांची सही घ्यायची. संध्याकाळी पूजा नसायची. अंधार पडायच्या आत दवंडी व्हायची, “उद्या सकाळी धूर येनार हाय होऽ!” आणि सकाळी तो यायचा. आदल्या दिवशीच वहिनी माडीवर दार लावून, फटींना ओली फडकी कोंबून बसायच्या. मातोश्रींनी मुन्सफांकरवी साहेबांना शाबासकी पाठवली. साहेबांनी ती स्वतःजवळ ठेवून घेतली. गावात लोक मला वाटेत थांबवून विचारायला लागले, “भाऊसाहेब, उद्या काय?” गावातला ज्योतिषी आमच्या घरापुढून जाताना माझ्याकडं जरा रागानं बघायचा.

वहिनींना याची मोठी मजा वाटायची. “भावजी, माझ्या छातीला म्युन्सिपालटीत चिकटवा की,” त्या म्हणायच्या. “तुमच्या जागी. तुमच्यापरीस बरं काम करंल.”

आई तेवढी हसत नसे. “शिट्टी वाजतीया म्हंजी पोरीला तरास हाय,” ती एकदा म्हणाली. “आन तू कान लावून बसतूस. मेढ्याला धाड तिला.”

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण वहिनींना राहायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ‘उद्या काय’ हा प्रश्न ऐकायची चटक लागली होती. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काही बरोबर येत होतं. वहिनी मेढ्याला गेल्या असत्या तर मी पुन्हा पायरीवरचा कारकून झालो असतो. दोघांचंही जमत होतं, म्हणून दोघंही गप्प होतो.

संक्रांत झाली. एके दिवशी बाजारात दादाच्या पलटणीतला एक गडी भेटला, पायाला जखम होऊन घरी आलेला. त्यानं सांगितलं की दादाच्या कंपनीला रजा सुटली आहे, तो वाटेत असेल. मी घरी येऊन सांगितलं, आणि वहिनींनी त्याच दुपारी सगळं घर सारवून काढलं. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

संध्याकाळी मी पाटावर बसलो. वहिनी भांडी घासत होत्या, आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच आपटत होत्या.

“काय म्हणतीय छाती?” मी विचारलं.

“काय न्हाई.” त्यांनी पातेलं दगडावर आदळलं. “आज मोकळी हाय बगा.”

“नक्की?”

“न्हाई म्हनलं की! सारकं काय इचारताय? जावा, हात-पाय धुवा.”

मी दिवसभर मुकादमाबरोबर गटारं बघत हिंडलो होतो. पाय भरून आले होते. साहेबांच्या बंगल्यापर्यंत पुन्हा चालत जायचं टळलं याचं मला इतकं बरं वाटलं की मी जवळ सरकून कान दिलाच नाही. आणि भांड्यांच्या त्या खणखणाटात शिट्टीच काय, मोटारीचा भोंगाही ऐकू आला नसता. डॉक्टर काय म्हणाले होते हे वहिनींना माहीत होतं. छाती वाजतेय म्हटलं की आई मेढ्याचा धोशा लावणार हेही माहीत होतं, आणि दादा वाटेत होता.

सकाळी गावात त्या वर्षातला सगळ्यात वाईट धूर होता. दवंडी झाली नव्हती म्हणून लोक निर्धास्त बाहेर पडले. मुन्सफांच्या मातोश्री नदीवर स्नानाला गेल्या, आणि त्यांना दोघांनी धरून परत आणलं. चौकात दोन बैलगाड्या एकमेकींत अडकल्या. मला या सगळ्याची खबर नंतर लागली, कारण मी घरात होतो. वहिनी चुलीपुढं आडव्या पडलेल्या, ओठ जांभळे, आणि शिट्टी बंद. शिट्टी बंद होणं हे शिट्टी वाजण्यापेक्षा भयंकर असतं हे मला तेव्हा कळलं. हवा आतबाहेरच होत नव्हती.

मला शोधत आलेल्या दवंडीवाल्यानं आणि मी मिळून त्यांना बाजेवर घालून वरच्या माळावर नेलं. तिथं ऊन होतं आणि वारं होतं. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे उघडले. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, “भावजी, मी खोटं बोलले.”

“ठाऊक आहे.”

“आता धाडनार न्हवं मला?”

मी हो म्हणून मान हलवली. दवंडीवाला पाठ करून उभा राहिला आणि उगाच हलगीचा पट्टा आवळत बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मेढ्याला पोचवलं. माहेरच्या ओसरीवर बसल्यावर एवढंच म्हणाल्या, “हे आल्यावर लगीच हिकडं धाडा. आन भाकरी खाऊ घाला आदी.” परत आलो तर कचेरीत साहेब वाट बघत होते. “उद्या काय?” मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, गेल्या महिन्यात माहीत होतं. मी पुन्हा म्हणालो, आता नाही. त्यांना वाटलं मी पगारवाढीसाठी अडून बसलोय. मी पुन्हा दीपमाळ बघायला पायरीवर उभा राहू लागलो, आणि दवंडी पुन्हा उन्हात व्हायला लागली.

दादा आला तो माघातल्या एका सकाळी. दीपमाळ दिसत नव्हती, त्यामुळं मी मसुदा लिहायला आत वळत होतो, तेवढ्यात धुक्यातून एक ओव्हरकोट आणि खांद्यावरची किटबॅग एवढंच आधी दिसलं. चेहरा मागून आला. फार काळवंडला होता. घरी आईनं कडाकडा बोटं मोडली, भाकरी वाढली. त्यानं घरात एकदा नजर फिरवली.

“ती कुटाय?”

“मेढ्याला,” मी म्हणालो.

तो बूट सोडत होता, त्यानं ते पुन्हा बांधायला घेतले. “छुट्टी सगळी गाडीतच गेली रं. परवा माघारी फिरायचं मला.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. शिट्टी, दवंडी, निशाण, भांड्यांचा खणखणाट. निशाणापर्यंत तो हसला. “म्हंजी माजी बायकू म्युन्सिपालटीनं वापरली व्हय रं?” म्हणाला. पुढचं ऐकताना तो हसला नाही. भाकरी अर्धी टाकून उठला. “मोटार कवा हाय?”

मोटार होती, पण ती सुटायला तयार नव्हती. पेट्रोल सगळं लढाईला जायचं, म्हणून आमच्याकडच्या मोटारी कोळशावर चालायच्या. मागं एक लोखंडी पिंप, त्यात लोणारी कोळसा, आणि गॅस तयार होईपर्यंत बाजूचा पंखा हातानं फिरवत राहायचा. ड्रायव्हर दमट हवेला शिव्या देत पंख्याशी झटत होता.

“आज गॅस धरत न्हाई,” तो म्हणाला. “दुपारी बघू.”

“दुपारी?” दादानं किटबॅग खाली ठेवली, ओव्हरकोट काढून माझ्या हातात दिला आणि ड्रायव्हरला बाजूला सारून पंख्याचा दांडा धरला. पिंपातून धूर उसळला तो थेट त्याच्या तोंडावर. डोळे मिटून तो फिरवत राहिला. मी मधेच म्हणालो, जरा मी फिरवतो. त्यानं दांडा दिला, पण मी खोकायला लागलो तसा लगेच परत घेतला. “लांब हो. तुज्यानं न्हाई व्हायचं.” आत बसलेली माणसं खिडकीतून नाकाला पदर लावून बघत होती. कुणी घाई करा म्हणालं नाही.

शेवटी इंजिन धरलं. दादा काळाठिक्कर पडलेल्या तोंडानं किटबॅग घेऊन आत चढला. ओव्हरकोट माझ्याच हातात राहिला, तो मी खिडकीतून आत कोंबला. “आईला संबाळ,” तो म्हणाला, आणखी काहीतरी म्हणाला, ते इंजिनात ऐकू आलं नाही. मोटार दहा पावलांवर धुक्यात गेली. पुढं गावाबाहेर चढ होता, आणि तिथं ती नेहमी बंद पडायची. मी स्टँडवर कान देऊन उभा राहिलो. त्या दिवशी पडली नाही. म्हणजे मला ऐकू येत होतं तिथपर्यंत तरी पडली नाही.